मदत हवी आहे: कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेची गळती थांबवण्यासाठी कामगारांना बक्षीस कशावर मोजायचं?

वडोदरा, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत). ४२ माणसांचं मशीन शॉप, निम्मी ठेकेदाराची, पीस-रेटवर (नगामागे मजुरी). रविवारी सगळी मशिनं बंद ठेवून कॉम्प्रेसर ७ बारवर चालवला: १ मिनिट लोड (हवा भरतो), ३ मिनिटं अनलोड (नुसता फिरतो), म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीतच. बहुतेक गळती पुश-फिटिंग (दाबून बसवायचे पाइपाचे जोड) आणि ब्लो-गनच्या (हवेने साफ करायच्या पिस्तुलाच्या) पाइपाला. गळतीच्या जागी लाल टॅग लावायला सांगितले, शोधणाऱ्याला दर गळतीमागे २० रुपये दिले. तर त्याच फिटिंगा पुन्हा पुन्हा ‘सापडू’ लागल्या! शिवाय पीस-रेटवाला टॅगसाठी मशीन थांबवत नाही, आणि का थांबवावं? वेगळा एचआर नाही, सुपरवायझरच हजेरी बघतो. कॉम्प्रेसरला सबमीटर (वेगळा वीजमीटर) आहे, पण जॉब रोज बदलतात, त्यामुळे युनिटंही. बक्षीस आता अख्ख्या शिफ्टला द्यायचंय. ते सबमीटरच्या युनिटवर मोजावं की रविवारच्या चाचणीवर? आणि ठेकेदाराच्या माणसांना त्यात कसं धरता?