तालमीची जागा आणि तालमीची माणसं: अनुभव लिहा

धागाकर्ती
परळच्या दामोदर हॉलच्या पुनर्विकासावरून वाद पेटला तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. हे नाट्यगृह 1922 सालचं. ना. म. जोशींनी 1911मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं. कामगार रंगभूमीचं ते घरच. इमारतीबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मला माणसांबद्दल ऐकायचंय. तुमच्या चाळीत, गल्लीत, वस्तीत नाटक बसवणारं, भजनाला पेटी धरणारं, पोरांना वाजवायला शिकवणारं कोण होतं? त्यांच्यामुळे शेजार कसा बदलला? खासगी व्यक्तींची नावं टाळा, बाकी सविस्तर लिहा.

गिरणगावकर
आमच्या लालबागच्या चाळीत एक काका होते, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. गणपतीतलं नाटक तेच बसवायचे. तीन पाळ्यांमुळे सगळे नट एका वेळी कधीच हाती लागायचे नाहीत. मग काका सकाळी दुसऱ्या पाळीवाल्यांचे प्रवेश घ्यायचे, रात्री पहिल्या पाळीवाल्यांचे, आणि रविवारी सगळं जोडायचे. संवादांच्या नकला स्वतः हाताने लिहून काढायचे.

पात्रं वाटण्यात त्यांचं खरं डोकं दिसायचं. नळावरून वर्षभर बोलणं टाकलेल्या दोन घरांतले कर्ते पुरुष त्यांनी एकदा सख्खे भाऊ म्हणून उभे केले. संवाद पाठ करायला एकमेकांच्या खोलीत जावं लागलं. दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडे गेली.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, कित्येक बिऱ्हाडं कोकणात, घाटावर गावी परतली. काकांनी तालीम बंद केली नाही. प्रयोग होईल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी संध्याकाळी माणसं जमायची. त्यातून कुणाकडे काय परिस्थिती आहे ते न विचारता कळायचं. एखादा सलग दोन दिवस आला नाही की काका त्याच्या दाराशी. तांदूळ कुठून यायचे, कुणाकडे जायचे, याची वाच्यता त्यांनी कधी केली नाही. सभा, मोर्चे मीही पाहिले, पण आमची चाळ त्या काळात फुटली नाही ती या माणसामुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

माजघरातली
@गिरणगावकर, वाचून भरून आलं. पण एक बाजू राहिली. स्त्रीपात्रासाठी बाहेरून नटी आणली जायची, तिची नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, ठरवून द्यायची. चाळीतल्या बायका चहा करायच्या आणि गॅलरीतून बघायच्या. माझ्या आत्याचा आवाज खणखणीत होता, पूर्ण नाटक पाठ, पण रंगमंचावर पाऊल नाही.

तिला बाहेर काढलं आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी. त्यांनी बायकांचं भजनी मंडळ सुरू केलं, कारण भजनाला जाते म्हटलं की घरातून नाही म्हणता येत नव्हतं. पुढे कामगार कल्याण मंडळाच्या महिला भजन स्पर्धेत उतरलो. स्पर्धेचा खरा फायदा वेगळाच: अर्ज भरणं, वर्गणीचा हिशोब ठेवणं, कामगार कल्याण केंद्राच्या साहेबांशी बोलणं हे सगळं बायकांनी केलं. त्याच बायका नंतर पाण्याच्या तक्रारी घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या.

खाडीपलीकडे
ठाण्यातला अनुभव. रत्नाकर मतकरी आणि प्रतिभाताईंनी बालनाट्याची चळवळ 1962 पासून चालवली हे सगळ्यांना माहीत आहे. पण पंचाहत्तरीच्या घरात असताना मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, त्यात मी मदतीला असायचे. ठाण्यातल्या वेगवेगळ्या वस्त्यांमधली मुलं आपापली नाटिका घेऊन यायची.

मुख्य अट अशी की नाटक मुलांनी स्वतः रचायचं. तयार संहिता हातात द्यायची नाही. सुरुवातीला मुलं टीव्हीतलं काहीतरी करायची. मग कुणी विचारायचं, “काल तुमच्या गल्लीत काय झालं?” आणि दारू, पाणी, शाळा सुटणं, ताईचं लवकर ठरलेलं लग्न, सगळं बाहेर यायचं. आमच्या वस्तीतल्या एका मुलीने अशाच लग्नाचा प्रवेश केला तेव्हा प्रेक्षकांत तिचे आईवडील बसले होते. घरी परतताना दोघं काही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी धाकटीला तालमीला सोडायला वडील स्वतः आले.

मतकरी मे 2020मध्ये करोनाने गेले. काम त्यांच्यानंतरही सुरू राहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

बुधवारीतून
नागपूर. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. सोबतचे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, मात्र दरवर्षी नवे, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत ज्याचा राग आला असेल त्याचे. आमच्या गल्लीतले एक दादा बांबू, कागद आणि खळ घेऊन पोरांना बसवतात. यंदा बडगा कशाचा करायचा यावर आठवडाभर वाद चालतो. पोरं त्या निमित्ताने पेपर वाचतात!

बाविसावा मजला
सगळं वाचलं. आम्ही गिरणीच्याच जागेवरच्या टॉवरमध्ये राहतो. पोडियमवरच्या मोकळ्या जागेत मुलांचं नाटक बसवायचंय, सोसायटी आवाजाचं कारण सांगून परवानगी देत नाही. पलीकडच्या जुन्या चाळीतली मुलंही हवी आहेत, तर गेटवर अडवतात. काय करावं?

गिरणगावकर
@बाविसावा मजला, तालीम तुमच्याकडे नकोच. चाळीच्या मंडळाच्या व्यायामशाळेत किंवा पालिकेच्या शाळेच्या वर्गात विचारा. तुमची मुलं तिकडे पाठवा. प्रयोगाची तारीख ठरली की सोसायटीच्या गणपतीत एक संध्याकाळ मागा, तेव्हा सहसा नाही म्हणत नाहीत. आणि कमिटीतल्या कडक माणसाच्या नातवाला मोठं काम द्या. काकांनी हेच केलं असतं.

माजघरातली
आणि चहा आळीपाळीने, पुरुषांनीसुद्धा.