‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ या प्रयोगाला काही अर्थ उरला आहे काय?

चर्चाप्रवर्तक (म्हापसा)

गोव्यात बंद पुकारला गेला की दुसऱ्या दिवशी ‘बंदला उत्स्फूर्त प्रतिसाद’ हा मथळा ठरलेला असतो. दगडाच्या भीतीने ओढलेले शटरही त्यात उत्स्फूर्त ठरते. माझा आक्षेप केवळ या खोटेपणाला नाही. संस्कृत ‘स्फुर्’ धातूचा अर्थ थरथरणे, लकाकणे, मनात चमकून जाणे असा आहे आणि ‘उत्’ या उपसर्गामुळे त्यात उसळून वर येण्याचा भाव मिसळतो. इंग्रजी ‘स्पॉन्टेनियस’ ज्या लॅटिन ‘स्पोन्ते’वरून आला, त्याचा अर्थ मात्र ‘आपल्या इच्छेने, कोणी न सांगता’ असा आहे. एकाएकीपणा त्यात मुळात नाही. हा अर्थ आपण ‘उत्स्फूर्त’वर लादला. त्यासाठी ‘स्वयंस्फूर्त’ आहे, साधे ‘स्वतःहून’ आहे. न्यायालय एखाद्या प्रकरणाची ‘स्वतःहून दखल’ घेते, तिला उत्स्फूर्त दखल कोणीही म्हणत नाही. म्हणून ‘उत्स्फूर्त’ हा शब्द पूर्वतयारीविना, त्या क्षणी सुचलेल्या गोष्टीपुरताच राखावा.

दशावतारप्रेमी (पेडणे)

‘पूर्वतयारीविना’ ही अट अमान्य. आमच्याकडे जत्रेत दशावतारी काला, म्हणजे लोकनाट्य, होतो, त्याला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान आणि कोणाची कोणती भूमिका एवढे ठरते. संवाद रंगमंचावर उभे राहूनच बोलायचे असतात. देवाच्या प्रौढ मराठीला संकासुर हे विनोदी राक्षसपात्र गावच्या बोलीत जे उलटे उत्तर देतो, ते त्याला तेथेच सुचते, आणि तरीही पुराणकथा, अभंग, प्रतिस्पर्धी नटाच्या लकबी हे सारे वर्षानुवर्षे अंगी मुरलेले नसेल तर तो दोन वाक्यांत गप्प होईल. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण मानले आहे. तयारी वगळून उरणाऱ्या गोष्टीला आपण उत्स्फूर्त म्हणू लागलो, तर तो मान फक्त बडबडीला मिळेल.

रसायन-अध्यापक (मडगाव)

मला दोन्ही बाजूंची क्षणावरची भिस्त खटकते. रसायनशास्त्रात लोखंडाचे गंजणे ही उत्स्फूर्त प्रक्रिया आहे. ठरावीक परिस्थितीत बाहेरून सतत ऊर्जा न पुरवता जी घडू शकते ती उत्स्फूर्त. वेगाचा तिच्याशी संबंध नाही. आमच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज गंजायला वर्षे लागतात, तरी व्याख्या बदलत नाही. हा ‘स्पोन्ते’चाच अर्थ आहे आणि तो मराठीतून शिकवताना काही बिघडत नाही. संस्कृत धातूकडे बोट दाखवून शब्दाचा रूढ अर्थ रद्द करता येत नसतो.

चर्चाप्रवर्तक

पेडण्याचा मुद्दा मी स्वीकारतो : तयारी कलावंताची असते, उक्तीची नसते, एवढी दुरुस्ती माझ्या व्याख्येत हवी. रसायनाचे उदाहरण मात्र पारिभाषिक आहे. शास्त्राने व्याख्या बांधून दिल्यावर शब्द कोणताही चालतो. वृत्तपत्र व्याख्या देत नाही.

रसायन-अध्यापक

मग आपली तक्रार शब्दाविरुद्ध नसून बातमीदाराविरुद्ध आहे. त्या मथळ्यात ‘स्वयंस्फूर्त’ घालून पाहावे. बातमी तितकीच खोटी राहते, कारण शटर ओढणाऱ्याला कोणी विचारलेलेच नसते.

दशावतारप्रेमी

याबाबत मी मडगावच्या बाजूने आहे. ‘दुकाने बंद होती’ एवढेच छापावे.