व्ही. शांताराम यांची सामाजिक दृष्टी ‘प्रभात’बरोबरच मागे राहिली का?

चर्चाप्रस्ताव

‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे चित्रपट लागोपाठ पाहिले की शांतारामबापूंच्या पुढच्या वाटचालीविषयी खंत वाटू लागते. ‘कुंकू’मधली, म्हाताऱ्याशी लावलेले लग्न मनापासून नाकारणारी नीरा अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते, आणि त्या घरात पार्श्वसंगीताचा एक सूरही नसल्यामुळे प्रत्येक आवाज थेट काळजाला भिडतो. १९४२ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था सोडून मुंबईत ‘राजकमल’ ही स्वतःची संस्था उभारली आणि पुढे ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५), ‘नवरंग’ (१९५९), ‘सेहरा’ (१९६३) या चित्रपटांत नृत्य, रंग आणि नेपथ्य यांनी माणसाची जागा घेतली, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : असहमत

आपण ‘दहेज’ (१९५०) आणि ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) यांना वगळूनच हिशेब मांडला आहे. ‘झनक झनक’ने रंगीत चित्रपटाचे घवघवीत यश मिळवून दिले असताना लगेच कृष्णधवलाकडे वळून, सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर शेती करायला लावणाऱ्या जेलरची गोष्ट सांगणे, हे केवळ नेपथ्यात रमलेल्या माणसाचे काम नव्हे. औंध संस्थानात स्वतंत्रपूरला भिंतींविना कारागृहाचा प्रयोग खरोखरच झाला होता, आणि त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी या चित्रपटाची कथा लिहिली. उपदेश थोडा जास्त आहे, हे मात्र मला मान्य आहे.

प्रस्तावकाचे उत्तर

‘दो आँखें’बाबत माझी चूक झाली. तरीही माझी मुख्य हरकत स्त्रीच्या चित्रणाविषयी आहे आणि ती कायम आहे. ‘माणूस’मधली मैना कोठ्यावर गाणारी असूनही तिच्या मनाला प्रतिष्ठा आहे, गणपत हवालदार तिला तुरुंगातून पळवून न्यायला आला तरी ती शिक्षा टाळत नाही. ‘पिंजरा’मध्ये (१९७२) मात्र तमासगीर स्त्री ही प्रामुख्याने आदर्श मास्तरांच्या अधःपाताचे कारण म्हणून येते. तेहतीस वर्षांत दृष्टी पुढे जायला हवी होती, ती मागे गेली.

प्रतिसाद : अंशतः असहमत

‘कुंकू’लाही आपण हीच कसोटी लावावी. नीरा शेवटपर्यंत झुकत नाही हे खरे, पण तिची सुटका होते ती तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याने, काकासाहेबांनी, स्वतःचे आयुष्य संपवल्यावर. कायदा किंवा समाज तिच्यासाठी जागचा हलत नाही. शकुंतला परांजपे यांनी साकारलेली, समाजकार्य करणारी काकासाहेबांची मुलगी नीरेची बाजू घेते, पण वाट मोकळी होते ती म्हाताऱ्याच्या पश्चात्तापानेच. म्हणजे अन्याय करणाऱ्याचे हृदयपरिवर्तन व्हावे ही शांतारामांची श्रद्धा ‘प्रभात’च्या काळापासूनच होती, आणि ‘दो आँखें’त जेलरच्या नजरेने कैदी बदलतात तिथेही तीच आहे. ‘पिंजरा’त मला वेगळे काही दिसते. गावाने मास्तरांना मृत समजून त्यांचा पुतळा उभारला, आणि जिवंत मास्तर त्या पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून स्वतःच्याच खुनाच्या आरोपावर फाशी पत्करतात. स्त्रीच्या चित्रणाविषयीचा आपला आक्षेप मी खोडत नाही, परंतु माणसापेक्षा त्याच्या पुतळ्याला जपणाऱ्या गावाकडे इतक्या निष्ठुरपणे पाहणारा दिग्दर्शक सामाजिक दृष्टी हरवून बसला होता, हे मला पटत नाही.