रोजच्या वापरातल्या हटके टॉर्च: तुमचे अनुभव लिहा

काजवा
काल माळा आवरताना बाबांची तीन सेलची स्टीलची टॉर्च सापडली आणि सगळं आठवलं, डोकं फिरवून झोत लांब-जवळ करणं, मागच्या झाकणात दडवलेला जादा बल्ब, आणि आमची ती कुणी धरायची यावरून भांडणं. आता माझ्या किल्ल्यांना बोटाएवढी एलईडी टॉर्च लटकलेली असते, एका ट्रिपल ए सेलवर चालते आणि उजेड त्या तीन सेलवालीपेक्षा जास्त. तुमच्याकडे काय भारी प्रकार आहेत आणि ते रोज खरंच वापरता का, लिहा.

निशाचर
काटकोनी!! दांडी उभी, उजेड समोर. खिशाला क्लिप केली की दोन्ही हात मोकळे. बुडाला चुंबक आहे, त्यामुळे एमसीबी बॉक्सच्या (घरातल्या विजेच्या स्विचांची पेटी) पत्र्याच्या दाराला चिकटवली की झालं. मोबाईल दातात धरून स्क्रू फिरवणाऱ्यांनी एकदा वापराच.

दुपारची_झोप
मशीन लावून आले म्हणून पटकन लिहिते. मूनलाइट मोड. एका लुमेनपेक्षाही (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) कमी उजेड, बाळाचं लंगोट बदलायचं आणि ते जागं व्हायच्या आत परत पांघरूण, एवढ्यासाठी ही टॉर्च सोन्याची आहे. हजार लुमेनवाल्या घेऊन काय करतात लोक?

तारांगण
+१. मला तर लाल लाईट लागते, आकाश बघायला. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि कुणी पांढरा झोत मारला की सगळं मुसळ केरात. अंधारात बघणाऱ्या पेशींना गडद लाल उजेड जवळजवळ जाणवतच नाही, म्हणून नकाशा बघायला तो चालतो. मात्र तोही मंदच ठेवायचा.

सोल्डर
लुमेनच्या आकड्यावर जाऊ नका. छोट्या टॉर्चचं अंग तापतं म्हणून ती एक-दोन मिनिटांत स्वतःच उजेड उतरवते. आणि खोक्यावर एएनएसआय एफएल१ (टॉर्च मोजायचं अमेरिकन मानक) प्रमाणे जो रनटाइम लिहिलेला असतो तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा, म्हणजे शेवटचे तास नुसता मिणमिणाट असू शकतो. मी सेल बघून घेतो: १८६५० हा रिचार्ज होणारा लिथियम सेल, म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. बदलता येणारा असेल तर टॉर्च वर्षानुवर्षं टिकते, आत चिकटवलेला असेल तर सेल मेला की टॉर्चही गेली. याचा मला खरंच राग येतो.

मधली_सुट्टी
@निशाचर, चुंबकवाली छातीच्या खिशाला लावताना जपून. सासूबाईंना पेसमेकर बसवलाय, डॉक्टरांनी चुंबक छातीपासून लांब ठेवायला सांगितलंय.

निशाचर
अरे हे डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत. कशा आहेत त्या आता?

बोकोबा
यूव्ही (अतिनील) टॉर्च कुणीच लिहिली नाही?? मांजराने नेमकं कुठे केलंय ते नाकाने शोधून थकलो होतो, अंधार करून यूव्ही मारला तर सोफ्याच्या मागे डाग चमकायला लागले. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची घ्या, ३९५ वालीत जांभळा उजेडच इतका पडतो की डाग नीट दिसत नाहीत. डोळ्यांत मात्र मारायची नाही, मांजराच्याही.

काजवा
@सोल्डर, पिशवीतल्या टॉर्च आपोआप चालू होतात त्याचं काय करायचं? आणि एका छोटीत सेल गळून पांढरी पूड जमलीय.

सोल्डर
मागचं झाकण अर्धा फेरा सैल कर, बऱ्याच टॉर्चमध्ये तेवढ्याने सर्किट तुटतं. पूड अल्कलाईन सेलची असेल तर हातमोजे घाल, सेल काढ, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर व्हिनेगर घेऊन पूस, मग पूर्ण वाळू दे. जी टॉर्च महिनोन्महिने पडून राहते तिच्यात सेल ठेवूच नकोस, बाजूला ठेव.

दुपारची_झोप
@बोकोबा, वास कशाने गेला ते सांगा ना!! आमच्या गादीची तीच कथा आहे.

बोकोबा
एन्झाइमवाला क्लीनर. भरपूर ओतायचा आणि घाई न करता तसाच राहू द्यायचा, लगेच पुसलात तर उपयोग नाही.

मधली_सुट्टी
@निशाचर, आता छान आहेत हो. त्यांना गळ्यात अडकवायची वाचनाची लाईट आणलीय, दोन्ही टोकांना वळवता येणारे दिवे आणि पिवळसर उजेड, चुंबक नाही हे आधी तपासून घेतलं. रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात, मामंजींची झोप मोडत नाही.