गोदामाची परवानगी काढतेय, पण घरापासून किती लांब बांधू?

शिवारातली (औसा, लातूर):
नमस्कार मंडळी. आमची चौदा एकर, सोयाबीन आणि तूर. 40 बाय 60 फुटांचं पत्र्याचं गोदाम बांधायचं ठरलंय. आमचा माल दोनशे क्विंटलच्या आतच. उरलेल्या जागेत भावकीतल्यांचा आणि शेजाऱ्यांचा माल भाड्यानं ठेवला तर कर्जाचा हप्ता निघेल, असं दिरांचं म्हणणं. गावात विचारलं तर कुणी म्हणतं शेतातलं बांधकाम आहे, काही लागत नाही. इंजिनिअर म्हणतो अकृषिक परवानगी काढा. खरं काय?

आणि दुसरं, जे मला जास्त छळतंय. दोन वर्षांपूर्वी ज्वारीच्या कोठीत किडीसाठी दुकानातून आणलेल्या दोन गोळ्या टाकल्या होत्या. कोठी आतल्या खोलीत, पलीकडे माझी धाकटी झोपलेली. पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, घरात धान्याला गोळ्या टाकल्यात का? पोरगी वाचली. पण आता गोदामाची जागा आखलीय ती घरापासून तीस फुटांवर, विहिरीच्या अंगाला. तिथं शंभर-शंभर पोत्यांना गॅस देणार. कुठल्या परवानगीत हे तपासतात, कुणी सांगेल का?

सातबारा_वाचक:
ताई, आधी कागदाचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये 'शेतघर' म्हणजे काय ते दिलंय. स्वतःच्या शेतमालाची, अवजारांची, चाऱ्याची साठवण त्यात बसते. दुसऱ्याचा माल भाड्यानं ठेवलात की ते बांधकाम तुमच्या शेतीपुरतं राहत नाही, मग 'काही लागत नाही' हे म्हणणं टिकत नाही. अन्नसुरक्षेचंही तसंच. 2006 चा कायदा शेतकऱ्याला त्याच्या शेतावरच्या मालापुरता लागू नाही, पण भाड्यानं धान्य साठवणं हा अन्नव्यवसाय धरतात, त्याला परवाना लागतो. ठेवलेल्या मालाच्या हस्तांतरणीय पावतीवर बँकेचं तारण कर्ज हवं असेल तर गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र शीतगृहाला लागतं. तुमचं कोरडं गोदाम आहे, तरी पुढंमागं आत डाळमिल टाकणार असाल तर आत्ताच विचारून ठेवा.

कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षं तीन टक्के व्याजसवलत मिळते. बँक कागद मागेलच, म्हणून भाड्याचा विचार असेल तर अर्जात पहिल्यापासून लिहा.

जुना_साठारक्षक:
मुली, मी एकतीस वर्षं गोदामात काढली. तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

तुला दुकानातून ज्या सुट्या गोळ्या मिळाल्या त्या मिळायलाच नको होत्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइड शेतकऱ्याला विकायचं नाही असा नियम आहे. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रणवाले यांनीच ते वापरायचं. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फिन हा विषारी गॅस निघतो. हवेतली ओल लागली की गोळी काम सुरू करते, आणि गॅस मातीच्या भिंतीच्या फटीतूनसुद्धा पलीकडे जातो. त्याच्यावर उतारा नाही. वासावर तर अजिबात विसंबू नको. लसणासारखा वास येतो तो भेसळीचा, वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं.

आम्ही थप्पीवर जाड गॅसबंद चादर घालायचो आणि कडेनं वाळूच्या लांब पिशव्या साखळीसारख्या एकमेकींवर चढवून लावायचो. एक पिशवी सरकली तरी सगळं वाया. आठवडाभर दाराला कुलूप आणि कवटीचा फलक. उघडताना आधी समोरासमोरची दारं बाहेरून उघडायची, मग गॅस मोजायचं मीटर लावायचं. 0.3 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे भाग) वर काटा असेल तर कुणी आत पाऊल टाकत नसे, साहेब असला तरी. उरलेली राखाडी भुकटी लांब खड्ड्यात पुरायची, विहिरीकडे कधीच नाही.

म्हणून तीस फूट विसर. आमच्या भागात पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, थंडीत पूर्वेकडचा, तेव्हा "घराच्या या बाजूला बांधा" असं सांगून उपयोग नाही. अंतरच हवं. वर झडपा अशा हव्यात की बाहेरून उघडता येतील. सोयाबीनला तशी कीड कमी, त्याला ओल मारते. बारा टक्क्यांच्या आत वाळवून लाकडी फळ्यांवर ठेवलंस तर गॅसची वेळच येत नाही. भुंगेरा लागतो तो तुरीला.

शिवारातली:
काका, दोनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं.

आज सकाळी दिरांबरोबर दोरी धरून जुन्या खुणा पुसल्या. आता शिवारवाटेच्या कोपऱ्यात, बाभळीजवळ फक्की ओढलीय. घरापासून माझी एकशे ऐंशी पावलं होतात, विहीर त्याहून लांब. वीज न्यायला तीन खांब जास्त लागणार म्हणून दीर कुरकुरले, पण पोरीकडे बघून गप्प झाले. अर्जात भाड्याचं स्पष्ट लिहितोय. तुरीला गॅस द्यायचाच झाला तर परवानाधारक माणूस बोलवू. घरच्या ज्वारीला मात्र हवाबंद पिशव्या आणतेय, कोठीत परत गोळी जाणार नाही.

दाराच्या वरच्या झडपा बाहेरून उघडायला साखळी बरी की लोखंडी दांडा?

जुना_साठारक्षक:
दांडा. साखळी गंजून अडकते, आणि मग कुणीतरी ओढायला आत शिरतं.