मदत हवी आहे: वॉकर घराण्याचा १५३८ आधीचा माग

लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा तो वॉकर. याच धंद्याला आग्नेय इंग्लंडात फुलर, नैर्ऋत्येला टकर म्हणत. म्हणून वॉकर बहुतेक उत्तरेकडचे. वेस्ट रायडिंगमधल्या (यॉर्कशरचा पश्चिम भाग) एका वॉकर घराण्याची वंशावळ लावायची आहे. आजपासून मागे १८३७ पर्यंत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी, त्यामागे चर्चच्या नोंदवह्या. पण त्या १५३८ च्या मागे जात नाहीत. मग थेट १३७९ ची डोईपट्टीची (माणशी कराची) यादी, आणि तेव्हा धंदा बदलला की आडनावही बदलू शके! मधली १५९ वर्षं सांधायला आधी काय पाहावं: वेकफिल्डच्या मॅनर कोर्टाचे (जहागिरीच्या न्यायसभेचे) १२७४ पासूनचे दप्तर, की यॉर्कची १३८९ पासूनची मृत्युपत्रं? शिवाय लॅटिन कागदात वॉकर आडनावाच्या माणसाला आणि नुसता तो धंदा करणाऱ्याला, दोघांनाही 'फुलो' लिहिलेलं असतं. तिथे आडनाव कोणतं आणि नुसता धंदा कोणता, हे कशावरून ठरवता?