बॉल पायथन नऊ आठवडे खात नाहीये, काय बदलू? (बजेट २,०००)

लष्करकर
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेर. बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर), नर, तीन वर्षांचा, परिवेशवर (केंद्र सरकारच्या पोर्टलवर) नोंदवलेला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तोंड लावत नाही. तेव्हा वजन १,१४० ग्रॅम, काल १,०८५. ऑक्टोबरात प्लॅस्टिकच्या टबातून चार फुटी काचेच्या टाकीत हलवलाय, वर जाळीचं झाकण. खाली हीट मॅट, थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारं यंत्र) नाही. काचेवरचा काट्याचा थर्मामीटर २९ दाखवतो, खोलीत रात्री १० अंश. दर तिसऱ्या दिवशी ८० ग्रॅमचा फ्रोझन रॅट वितळवून देतो. तो जीभ लपलपवतो आणि मान मागे घेतो. खर्च २,००० च्या आतच बसवायचाय.

मांजलपूर_बडोदा
काट्याचा थर्मामीटर आधी काढा. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, सापाच्या पोटाखालचं नाही. प्रोबवाला (तारेच्या टोकाला सेन्सर असलेला) डिजिटल घ्या आणि प्रोब गरम बाजूच्या जमिनीवर ठेवा. तिथे ३१-३२ हवं, थंड बाजूला २५-२६. खोलीत १० अंश आणि वर जाळी म्हणजे सगळी ऊब वरून निघून जाते. थंड सापाला अन्न पचवता येत नाही, म्हणून तो घेतच नाही.
आणि थर्मोस्टॅटशिवाय मॅट एक रात्रही चालवू नका. जास्त तापली तर पोट भाजतं, आणि साप चटकन बाजूलाही होत नाही.

इंदूरचा_सरडा
काच विका आणि पीव्हीसीचं एन्क्लोजर घ्या, १८-२० हजारांत चांगलं बनवून मिळतं. वर १०० वॅटचा सिरॅमिक हीटर, त्याला जाळीची टोपी, आणि पल्स थर्मोस्टॅट. माझ्याकडे हेच आहे, तापमान अर्ध्या अंशानेही हलत नाही. स्वस्तातलं घेऊन दोनदा खर्च होतो.

लष्करकर
दादा, बजेट २,००० आहे.

रावपुरा
जिवंत उंदीर सोडा, लगेच पकडेल. हलणारं भक्ष्यच त्यांना कळतं.

मांजलपूर_बडोदा
असं अजिबात करू नका. न खाणाऱ्या सापाजवळ जिवंत रॅट रात्रभर राहिला तर तोच सापाला कुरतडतो, पाठीवरची जखम हाडापर्यंत जाते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. भक्ष्य गरम असलं की मेलेलंही तो पकडतो.

तराजू
वजनाचा हिशोब करा. १,१४० मधून ५५ ग्रॅम गेले, म्हणजे ५ टक्केही नाही. नर हिवाळ्यात, विणीच्या काळात, महिनोन्‌महिने खात नाहीत. तब्येत ठणठणीत असेल तर काळजीचं कारण नाही. वजन १,०२६ च्या खाली गेलं, म्हणजे १० टक्के घटलं, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, हिरड्यांवर पिवळा थर किंवा पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके (माइट, रक्त शोषणारे बारीक जीव) दिसले तर वजनाची वाट न बघता त्याच दिवशी.
दर तिसऱ्या दिवशी देणं आजपासून बंद करा. दोन आठवड्यांतून एकदा, रात्री, दिवे मालवून. डोळे दुधाळ असतील तर कात टाकेपर्यंत थांबा.

गृहिणी_आणि_गेको
रॅट वितळवता कसा, त्यावरही खूप अवलंबून आहे. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी झिपच्या पिशवीत बंद करून ४० अंशाच्या पाण्यात २०-३० मिनिटं, पोट दाबून आत गोळा उरला नाही ना ते बघायचं. मग कोरडा पुसून फक्त डोक्यावर हेअर ड्रायर फिरवायचा, डोकं ३८ च्या आसपास. लांब चिमट्याने कमरेला धरून हळू हलवायचा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. २० मिनिटांत घेतला नाही तर फेकून द्या, परत गोठवू नका.

रावपुरा
थोडं दूध पाजून बघा, अशक्तपणा तरी जाईल.

गृहिणी_आणि_गेको
नाही हो. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला पितो तो तहानेने. स्वच्छ पाणी पुरे.

धामणप्रेमी
एवढ्या खटाटोपापेक्षा धामण पाळावी, आपल्या हवेत कशी आरामात राहते.

तराजू
धामण, भारतीय अजगर, दोन्ही वन्यजीव कायद्याखाली संरक्षित. घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला, साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टातला, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंद करून ठेवता येतो. लष्करकरांनी ती केली आहे.

इंदूरचा_सरडा
सिरॅमिक हीटरचं परत सांगतो, मॅटने हवा गरम होत नाही.

मांजलपूर_बडोदा
बरोबर आहे, पण हीटरने हवा कोरडी पडते आणि ग्वाल्हेरात वीज गेली की दोन्ही बंदच. त्यांनी आहे त्या टाकीला तीन बाजूंनी बाहेरून थर्माकोल लावावा, जाळीचा दोन तृतीयांश भाग झाकावा, आर्द्रता ६० टक्के ठेवावी. लपायला दोन जागा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, इतक्या अरुंद की वेटोळ्याला भिंती टेकल्या पाहिजेत. मोठ्या उघड्या काचेत तो घाबरलेला असतो. वीज गेल्यावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून टाकीला बाहेरून लावा.

तराजू
सहमत. आणि आता पुन्हा जागा बदलू नका. प्रत्येक हलवाहलवीने उपास लांबतो.

गृहिणी_आणि_गेको
हेच. टाकीतच राहू दे.

इंदूरचा_सरडा
चार फुटांतून परत टबात कोंडणं बरंही दिसत नाही.

लष्करकर
सगळ्यांचे आभार. आज प्रोब लावून बघितला, गरम बाजूची जमीन २४ निघाली. जागा बदलू नका असं सगळेच म्हणताय, तरी त्याला जुन्या टबातच परत नेतोय. त्यात तो दोन वर्षं एकदाही न चुकता खात होता, आणि एवढा मोठा काच-डबा २,००० मध्ये मला गरम ठेवता येणार नाही. थर्मोस्टॅट ९५०, प्रोबचा थर्मामीटर ३००, थर्माकोल १५०. मॅट टबाच्या खाली, एक तृतीयांश भागात, मॅट आणि टब यांच्यामध्ये प्रोब. लपायला दोन उलट्या मातीच्या कुंड्या, कडा घासून, दार कापून. काच उन्हाळ्यात बघू.
आज १६ तारीख. हात लावणार नाही, फक्त पाणी बदलीन. दर रविवारी वजन. पुढचा रॅट ३० ला रात्री दहा वाजता, ८० ऐवजी ५० ग्रॅमचा.